रस्त्यांचे वर्गीकरण, लोकनिर्मित नकाशांतील

रस्त्यांचे वर्गीकरण, लोकनिर्मित नकाशांतील : स्वयंसेवकांनी तयार केलेल्या व आंतरजालावर सर्वांस खुल्या असलेल्या नकाशांत प्रत्येक रस्त्यास त्याचे महत्त्व, उपयोग व स्थिती पाहून विशिष्ट वर्ग देण्याची पद्धती. छापील नकाशात रस्त्याचा वर्ग हा मुख्यतः रेषेचा रंग व जाडी ठरविण्यापुरता असे. संगणकीय नकाशात त्याच वर्गावरून वाहनास कोणता मार्ग सुचवावयाचा, प्रवासास किती वेळ लागेल आणि नकाशा लहान प्रमाणावर पाहताना कोणता रस्ता दिसेनासा करावयाचा, हेही ठरते. त्यामुळे येथे चुकीचा वर्ग हा केवळ चित्रणाचा दोष राहत नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा या विषयाच्या विवेचनास विशेष सोयीचा आहे. कारण चौपदरी महामार्ग, राखीव वनांतील वाटा, भातखाचरांचे बांध, तलावांच्या पाळी आणि दोन राज्यांच्या सीमा या सर्वांची गाठ तेथे सु. सव्वापाच हजार चौ. किमी. क्षेत्रात पडते.

या प्रकारच्या नकाशांत ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांत विस्तृत होय. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा आरंभ केला. ब्रिटनच्या शासकीय सर्वेक्षण खात्याची नकाशासामग्री त्या वेळी सामान्य नागरिकास मुक्तपणे वापरता येत नसे. तेव्हा नागरिकांनीच स्थाननिर्धारक उपकरण घेऊन रस्त्यांवरून फिरावे व उमटलेली रेषा सामायिक नकाशात घालावी, अशी ही मूळ कल्पना होती. २०१० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या हवाई व उपग्रह प्रतिमांवरून रेखाटन करण्यास परवानगी दिली आणि कामाचे स्वरूप पालटले. ज्या प्रदेशात कधी पाऊल ठेवले नाही, तेथील रस्तेही घरबसल्या काढणे शक्य झाले. नोंदणीकृत सदस्यांची संख्या आता एक कोटीहून अधिक आहे. नियमितपणे काम करणारे मात्र त्यांतील थोडेच असतात, आणि ग्रामीण भारतात ते त्याहूनही विरळ आहेत.

या नकाशात रस्ता म्हणजे क्रमाने जोडलेल्या बिंदूंची रेषा. तिला गुणदर्शक शब्दांच्या जोड्या जोडतात. त्यांना टॅग म्हणतात. ‘हायवे’ या टॅगने रस्त्याचा वर्ग सांगितला जातो. पृष्ठभाग, पदरांची संख्या, रुंदी, शासकीय क्रमांक व प्रवेशाचा हक्क यांसाठी वेगळे टॅग आहेत. ‘हायवे’ हा शब्द येथे इंग्लंडच्या कायद्यातील जुन्या अर्थाने, म्हणजे लोकांच्या येण्याजाण्याची कोणतीही वाट या अर्थाने घेतलेला आहे. मराठी वाचकास हायवे म्हटले की महामार्ग आठवतो. पण या परिभाषेत शेतातून जाणारी पायवाटदेखील एक ‘हायवे’च होय.

वर्गांची उतरंडही ब्रिटिश वळणाचीच आहे. प्रवेशनियंत्रित द्रुतगती मार्ग तो मोटरवे. त्याखाली क्रमाने ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी व अनक्लासिफाइड हे वर्ग येतात. वस्तीतील गल्ल्यांसाठी रेसिडेन्शियल, आवारातील व पोचमार्गांसाठी सर्व्हिस, शेत व वन यांतील गाडवाटांसाठी ट्रॅक आणि पायवाटेसाठी पाथ असे स्वतंत्र वर्ग आहेत. यांपैकी ‘अनक्लासिफाइड’ या नावाने सर्वाधिक घोटाळा होतो. ‘ज्याचा वर्ग ठाऊक नाही असा रस्ता’ असा त्याचा अर्थ नसून, गावागावांना जोडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांतील सर्वांत खालची पायरी असा आहे. वर्ग खरोखरच ठाऊक नसेल, तर ‘रोड’ हा तात्पुरता शब्द वापरावयाचा असतो. हा भेद न कळल्यामुळे पक्क्या ग्राममार्गापासून बैलगाडीच्या चाकोरीपर्यंत सर्व काही ‘अनक्लासिफाइड’ म्हणून नोंदल्याचे प्रकार सर्रास आढळतात.

भारतीय वर्गीकरण : भारतातील रस्त्यांची शासकीय उतरंड वेगळ्या गरजेतून निर्माण झाली. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने पुढील वर्षी अहवाल सादर केला. त्यातूनच केंद्रीय रस्ते निधी (१९२९) व भारतीय रस्ते काँग्रेस (१९३४) या व्यवस्था उभ्या राहिल्या. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. गोंदियाचा प्रदेश ज्या मध्य प्रांतात होता त्याचीच ही राजधानी. तेथे तयार झालेली नागपूर योजना ही आजच्या वर्गीकरणाची जननी म्हणता येईल. तीत राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (पुढे राज्य) महामार्ग, प्रमुख व इतर असे दोन प्रकारचे जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग असे वर्ग मांडण्यात आले, आणि सुपीक शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाराष्ट्रात यांखेरीज प्रमुख राज्य महामार्ग असा एक वर्ग आहे. सामान्यतः राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हामार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे असतात [⟶ रस्ते].

तात्पर्य, शासकीय वर्ग मुख्यतः रस्ता कोणी बांधावा, कोणत्या निधीतून बांधावा व कोणी राखावा हे सांगतो. तो रस्ता आज काय काम करतो आणि त्यावरून कोणते वाहन केव्हा जाऊ शकते, हे त्यावरून कळेलच असे नाही. मालकी, कार्य व स्थिती या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नकाशातील बहुतेक चुका त्या एकच समजल्यामुळे होतात.

भारतातील स्वयंसेवकांनी आरंभी दोन्ही उतरंडींचा सरळ मेळ घातला. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्य महामार्ग म्हणजे प्रायमरी, प्रमुख जिल्हामार्ग म्हणजे सेकंडरी, इतर जिल्हामार्ग म्हणजे टर्शरी आणि ग्राममार्ग म्हणजे अनक्लासिफाइड, असा तो मेळ होता. या पद्धतीचा एक मोठा गुण असा, की वाद उरत नाही. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्य महामार्ग, हे कोणासही पाहता येते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांचे दगड नारिंगी माथ्याचे असतात. तथापि गेल्या दशकात राज्यांचे अनेक रस्ते केंद्राने राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित केले. २०१४ मध्ये ९१,२८७ किमी. असलेली राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०२३ पर्यंत सु. १.४६ लक्ष किमी. झाली. घोषणेने क्रमांक बदलतो. रस्त्याची रुंदी मात्र त्या दिवशी होती तेवढीच राहते.

गोंदिया जिल्ह्यात याचे उदाहरण पाहावयास मिळते. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना मार्ग ब्रिटिश अमदानीत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणून ओळखला जाई. तो जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, सडक अर्जुनी व देवरी या तालुक्यांतून जातो. जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची ठाणी आहेत. त्यांतील अर्जुनी मोरगावपासून वेगळेपणा दाखविण्यास दुसरीच्या नावात ‘सडक’ हा शब्द येतो, यावरून या मार्गाचे स्थानिक महत्त्व दिसून येते. स्वातंत्र्योत्तर काळात हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ होता, २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर त्याचा क्रमांक ५३ झाला. गुजरातेतील हजिऱ्यापासून ओडिशातील पारादीपपर्यंत जाणाऱ्या या मार्गावर अवजड वाहतूक अहोरात्र चालते. देवरी येथे त्यास राष्ट्रीय महामार्ग क्र. ५४३ मिळतो. बालाघाटकडून येणारा हा मार्ग गोंदिया, आमगाव व देवरी असा जाऊन पुढे गडचिरोली जिल्ह्यातील कोरचीकडे वळतो. नव्या पद्धतीत तीन अंकी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक मूळ महामार्ग दर्शवितात. त्यानुसार ५४३ हा मध्य प्रदेशातील क्र. ४३ ची शाखा होय. केवळ क्रमांकावरून वर्ग दिल्यास आंतरराज्य मालवाहतुकीचा मार्ग आणि जिल्ह्याजिल्ह्यांस जोडणारी ही शाखा नकाशावर एकाच जाडीने उमटतात आणि पाहणाऱ्यास दोन्ही सारखेच वाटतात.

यावर उपाय टॅगांच्या रचनेतच आहे. शासकीय क्रमांकासाठी वेगळा टॅग आहे, आणि एका क्रमांकाच्या सर्व तुकड्यांची माळ ओवून ‘मार्ग’ म्हणून तिची स्वतंत्र नोंद करता येते. त्यामुळे रस्त्याचा वर्ग कार्यावरून ठरविला, तरी तो राष्ट्रीय महामार्ग असल्याची माहिती नष्ट होत नाही. जुन्या क्रमांकासाठीही टॅग असल्याने ‘सहा नंबरचा हायवे’ शोधणाऱ्यास ५३ सापडतो. क्रमांकानुसार वर्ग देण्याची पद्धती तपासणीस सोपी असली, तरी कार्यानुसार वर्ग देणेच अधिक सयुक्तिक ठरते. मात्र त्यासाठी रस्ता पाहिलेला असावा लागतो, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

वर्ग व प्रवासकाल : वर्गाचा परिणाम किती होतो, हे मार्गशोधक संगणकप्रणालींवरून स्पष्ट होते. ओएसआरएम या प्रचलित प्रणालीच्या मोटारीसाठीच्या मूळ कोष्टकात ट्रंक वर्गास ताशी ८५ किमी., प्रायमरीस ६५, सेकंडरीस ५५, टर्शरीस ४० आणि अनक्लासिफाइड व रेसिडेन्शियल यांस २५ किमी. वेग गृहीत धरलेला आहे. वेगमर्यादा वा पृष्ठभाग यांची वेगळी नोंद नसेल, तर हेच आकडे लागू पडतात. वीस किमी. लांबीचा एखादा रस्ता सेकंडरी म्हणून नोंदला असल्यास प्रवासास सु. २२ मिनिटे लागतील, असे प्रणाली सांगेल. तोच रस्ता अनक्लासिफाइड असल्यास ४८ मिनिटे. ट्रॅक या वर्गास तर त्या कोष्टकात वेगच दिलेला नाही. म्हणजे मोटारीच्या दृष्टीने ती वाट अस्तित्वातच नाही. एखाद्या टोल्याकडे जाणारा एकमेव डांबरी रस्ता, तो डांबरी होण्यापूर्वीच्या प्रतिमेवरून ट्रॅक म्हणून काढला गेला असेल, तर नकाशावर तो टोला जगापासून तुटलेला राहतो आणि तेथील रुग्णास आणावयास निघालेल्या गाडीस ‘मार्ग नाही’ असे उत्तर मिळते. उलट चूक अधिक घातक असते. बांधावरची वाट टर्शरी म्हणून नोंदली गेल्यास तीच जवळची ठरते, आणि गाडी भर पावसात चिखलात जाऊन थांबते.

शेतवाटा, पाळी व कालवे : गोंदिया जिल्ह्यातील खरी कसोटी महामार्गांची नसून या खालच्या वर्गांची आहे. भात हे येथील मुख्य पीक. खाचरांस येथे बांधी म्हणतात. पावसाळ्यात रोवणी झाल्यावर बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि त्यांतून वाहन जाण्याचा प्रश्न नसतो. कापणी व मळणी उरकल्यावर त्याच कोरड्या बांध्यांतून बैलगाड्या व ट्रॅक्टर सरळ रेषेत जाऊ लागतात आणि त्यांच्या चाकोऱ्या पांढुरक्या पट्ट्यांसारख्या उमटतात. उन्हाळ्यातील उपग्रह प्रतिमेत या चाकोऱ्या ग्राममार्गांइतक्याच ठळक दिसतात. दूरदेशी बसलेला रेखाटनकार त्यांना रस्ते समजतो, यात नवल नाही. पुढील आषाढात त्यांचा मागमूस राहत नाही. म्हणून या प्रदेशात प्रतिमा कोणत्या महिन्यातील आहे, हे पाहिल्याखेरीज वर्ग देणे धोक्याचे असते. शक्य तेथे पावसाळ्यानंतरची व उन्हाळ्यातील अशा दोन प्रतिमा ताडून पाहाव्या लागतात.

याहून फसवी गोष्ट म्हणजे तलावांची पाळ. जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या मातीच्या पाळी वरून पाहता उंच, स्वच्छ व रुंद रस्त्यांसारख्या भासतात. काही पाळींवरून खरोखरच गावरस्ता गेलेला असतो. काही पाळींवर गुराख्यांखेरीज कोणी जात नाही, आणि सांडव्यापाशी वाट संपते. इटियाडोह प्रकल्प आणि बाघ प्रकल्पातील सिरपूर, पुजारीटोला व कालीसरार ही धरणे यांच्या कालव्यांलगत निरीक्षणमार्ग आहेत. ते पाटबंधारे खात्याच्या कामासाठी असून सामान्यतः सर्व्हिस किंवा ट्रॅक या वर्गांत बसतात; लोक त्यांवरून ये-जा करतात म्हणून ते ग्राममार्ग ठरत नाहीत. वैनगंगेच्या रेतीघाटांकडे जाणाऱ्या वाटा मालमोटारींनी रुंद केलेल्या असतात व एखाद्या पुरात वाहून जातात. तिरोड्याजवळील औष्णिक वीज केंद्राच्या आवारातील रस्ते उत्तम बांधणीचे आहेत. असे रस्ते सर्व्हिस म्हणून, प्रवेश खासगी अशी नोंद करून दाखवावयाचे असतात. रस्ता चांगला असणे आणि तो सर्वांचा असणे यांत फरक आहे.

शेताकडे जाणारी परंपरागत वाट पश्चिम महाराष्ट्रात पाणंद, तर विदर्भात पांदण या नावाने ओळखली जाते. तिचा वर्ग ट्रॅक हाच; परंतु पांदणीची स्थिती एकसारखी नसते. काही पांदणींवर खडी व मुरूम पडलेला असतो, काही पांदणी काट्याकुट्यांनी बुजलेल्या असतात. यासाठी ट्रॅकच्या टणकपणाच्या पाच श्रेणी आहेत : पहिली पक्क्या पृष्ठभागाची, पाचवी निव्वळ माती वा गवताची. त्यांच्या जोडीला पृष्ठभागाचा टॅग दिल्यास नकाशा बराच प्रामाणिक होतो. पांदण बुजली, तरी वहिवाटीचा हक्क बुजत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १६५ अन्वये गावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये वाटेच्या हक्कासंबंधीच्या रूढी नोंदविल्या जातात. मध्य प्रांताच्या महसूल पद्धतीतून आलेला हा दस्तऐवज विदर्भात परिचित आहे. त्यामुळे कागदोपत्री आहे पण जमिनीवर नाही, आणि जमिनीवर आहे पण कागदोपत्री नाही, अशा दोन्ही प्रकारच्या वाटा गावात सापडतात. ओपनस्ट्रीटमॅपचा संकेत असा, की जे जमिनीवर दिसते ते दाखवावे. तेव्हा या नकाशात वाट दिसली म्हणून हक्क सिद्ध होत नाही, व दिसली नाही म्हणून तो जात नाही. शेतरस्त्यांच्या तंट्यांत संगणकावरील नकाशा पुढे करणाऱ्यांनी हे ध्यानी घेणे इष्ट.

गावठाणातून जाणाऱ्या रस्त्याबाबतही चूक होते. दोन्ही बाजूंस घरे आहेत म्हणून तेवढा तुकडा रेसिडेन्शियल केला जातो आणि टर्शरी रस्ता प्रत्येक गावात तुटतो. वस्तीतून गेला, तरी आरपार जाणाऱ्या रस्त्याचा वर्ग कायम ठेवावयाचा असतो. केवळ घरांपर्यंत जाणाऱ्या गल्ल्या तेवढ्या रेसिडेन्शियल.

वनमार्ग : नवेगाव राष्ट्रीय उद्यान व नागझिरा अभयारण्य यांसह लगतची वने मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. वनांतील रस्ते वनखात्याच्या गस्तीसाठी व ठराविक काळात पर्यटनासाठी असतात. प्रवेशद्वारे सूर्यास्तानंतर बंद होतात व पावसाळ्यात पर्यटन थांबते. अशा रस्त्यास ट्रॅक म्हणून नोंदणे पुरेसे नाही. प्रवेश परवानगीने आहे हेही नोंदविणे आवश्यक असते. ही नोंद नसल्यास मार्गशोधक प्रणालीला ती वाट म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावी जाण्याचा सोयीचा आडमार्ग वाटू शकतो. वन्य प्राण्यांचा व रात्रीच्या प्रवाशाचा असा दोघांचाही संबंध येथे येतो. याउलट वनातून जाणारे सार्वजनिक रस्ते, उदा., कोहमारा–गोरेगाव मार्ग, केवळ भोवती झाडी आहे म्हणून खालच्या वर्गात टाकणे चूक होय.

सीमेवरील रस्ते : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. उत्तरेस मध्य प्रदेश व पूर्वेस छत्तीसगड या राज्यांच्या सीमा त्यास लागून आहेत. आमगावहून लांजीकडे जाणारा रस्ता सीमा ओलांडताच दुसऱ्या राज्याच्या बांधकाम खात्याकडे जातो व त्याचा शासकीय वर्ग तेथील यादीप्रमाणे ठरतो. बाजार, नातेसंबंध व दवाखाना यांसाठी रोज पलीकडे जाणाऱ्या लोकांच्या दृष्टीने रस्ता एकच असतो. शासकीय वर्ग जसाच्या तसा उतरविल्यास नकाशावर रस्त्याचा रंग सीमेवर एकाएकी पालटतो आणि वाहतूक तेथे थांबते की काय, असा भास होतो. कार्य सारखे असेल, तर सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच वर्ग ठेवणे युक्त. जिल्हासीमेवरही काळजी घ्यावी लागते. प्रमुख जिल्हामार्गांचे क्रमांक जिल्हावार असल्याने एकच क्रमांक शेजारच्या दोन जिल्ह्यांत निरनिराळ्या रस्त्यांस असू शकतो.

पडताळणी : वर्ग निश्चित करण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. किलोमीटरचे दगड, योजनेचे फलक, बसथांबे, पुलांची रुंदी व पुराच्या पाण्याची खूण यांवरून रस्त्याचे खरे स्थान कळते. एकपदरी डांबरी पट्टा सामान्यतः ३.७५ मी. व दुपदरी ७ मी. रुंद असतो, प्रतिमेवरून ही रुंदी मोजता येते, पण शेणामातीने झाकलेले डांबर व मुरूम यांतील फरक तिच्यावरून नेहमीच कळत नाही. ग्रामसडक योजनेतील रस्त्यांची भौगोलिक माहिती केंद्र शासनाने २०२२ मध्ये खुली केली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशानिर्मितीवरील जुनी बंधनेही बरीच शिथिल करण्यात आली. मात्र अन्य कंपन्यांच्या नकाशांवरून नक्कल करणे निषिद्ध आहे. ते स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरते. प्रतिमांवरून यंत्राने रस्ते ओळखण्याचे तंत्रही आता वापरात आहे. रेषा कोठून जाते ते यंत्र बऱ्यापैकी सांगते. पण पाळ आणि रस्ता, चाकोरी आणि पांदण यांतील भेद गावातील शाळकरी मुलगा त्याहून लवकर सांगेल.

एक दोष हेतुपुरस्सर घडतो. लहान प्रमाणावरील नकाशातही आपल्या गावचा रस्ता दिसावा, म्हणून काही सदस्य त्याचा वर्ग वाढवितात. भावना समजण्यासारखी असली, तरी परिणाम उलटा होतो. वर्ग वाढलेल्या रस्त्यावरून अवजड वाहने वळविली जाऊ शकतात. प्रत्येक बदल कर्त्याचे सदस्यनाम, वेळ व टिपेसह जतन केला जात असल्याने असा फेरफार शोधून पूर्ववत करता येतो. वाद असल्यास चर्चेने निर्णय होतो.

नियोजित रस्त्यांची नोंद निराळी ठेवावयाची असते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किमी. लांबीचा असून तो टप्प्याटप्प्याने डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात खुला झाला. प्रवेशनियंत्रित असल्याने तो मोटरवे या वर्गात बसतो. नागपूरपासून गोंदियापर्यंत त्याचा विस्तार प्रस्तावित आहे. भूसंपादनाच्या आखणीवरून काढलेली अशी रेषा ‘प्रस्तावित’ व काम सुरू झाल्यावर ‘बांधकामाधीन’ या टॅगाखाली ठेवतात, आणि वाहतूक प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतरच तिला मोटरवे हा वर्ग देतात.